टेकडी उन्हाळ्यात मोजली, पावसाळ्याचं काय?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
पर्यावरण परिणाम मूल्यांकन समिती

विषय: टेकडीच्या उतारावरील प्रस्तावित गृहप्रकल्पाचा अहवाल 'पुरेसा' ठरवण्याच्या निर्णयाबाबत

महोदय, महोदया,

आपल्या गेल्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं. टेकडीवरच्या गृहप्रकल्पाचा पर्यावरण अहवाल पुरेसा आहे, अधिक अभ्यासाची गरज नाही, असा निर्णय त्यात एका वाक्यात नोंदवला आहे. कारणं दोन दिली आहेत: उतार 'मध्यम' आहे आणि या टेकडीवर आजवर दरड कोसळल्याची नोंद नाही. आम्ही पाठवलेल्या हरकतींची बोळवण मात्र 'हरकतींची नोंद घेण्यात आली' एवढ्या चार शब्दांत झाली आहे. नोंद घेऊन पुढे काय केलं, हे कळायला काही मार्ग नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी या टेकडीच्या पायथ्याशी राहते. वरून येणारा ओढा माझ्या कुंपणाला लागून जातो आणि शेजारच्या विहिरीला येणारं पाणीही याच टेकडीचं आहे. नोकरीची सगळी वर्षं पाणीपुरवठ्याचे आणि गटारांचे नकाशे काढण्यात गेली. हवा, आवाज, वाहतूक यांवरच्या प्रकरणांबद्दल त्या विषयांतल्या जाणकारांनी बोलावं. नकाशा आणि पाणी यांबद्दल मला बोलता येतं. टेकडीवर घरं होऊच नयेत, असं माझं म्हणणं नाही. लोकांना घरं लागतात, आणि ती कुठेतरी बांधावीच लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की, तुम्ही पुरेसा ठरवलेल्या अहवालात टेकडीतलं पाणी मोजलेलंच नाही. उतारावर बांधकाम करताना सगळ्यात आधी मोजायला हवं ते हेच.

पहिली हरकत बोअरबद्दल, म्हणजे माती-खडक तपासायला घेतलेल्या खोल छिद्रांबद्दल. अहवालाच्या परिशिष्टात माती-खडक तपासणीचे तक्ते आहेत. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी भूजलाचा रकाना आहे आणि प्रत्येक रकान्यात एकच मजकूर आहे: 'पाणी आढळले नाही'. तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख पाहिली, तर सगळे बोअर ऐन उन्हाळ्यात घेतलेले. भर उन्हाळ्यात टेकडीच्या वरच्या थरात पाणी सापडत नाही, यात नवल काय? बोअरच्या जागा नकाशावर टाकून पाहिल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. बहुतेक सगळे बोअर माथ्याच्या सपाटीवर आणि जुन्या पायवाटेच्या कडेला आहेत. म्हणजे मशीन जिथवर सहज चढलं तिथवर. जो उतार कापून इमारती बसवायच्या आहेत, त्याच्या मधल्या पट्ट्यात एकही बोअर नाही. तुम्ही प्रत्यक्ष पाहणीला आलात, तर त्या पट्ट्यात एक गोष्ट दाखवीन. पाऊस थांबून बरेच दिवस झाले आणि बाकीचं गवत पिवळं पडलं, तरी तिथं आडवी हिरवी रेघ टिकून असते. वरून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट खडकाला अडून तिथं बाहेर झिरपतं. आराखड्यात पहिली संरक्षक भिंत नेमकी याच रेघेवर आहे.

हे पाणी इतकं महत्त्वाचं का, तेही सांगते, कारण इतिवृत्तात याबद्दल चकार शब्द नाही. उतारावरची माती तिच्या कणांमधल्या घर्षणानं धरून राहते. मातीत पाणी भरलं की कणांमधल्या पोकळ्यांत दाब तयार होतो, कण एकमेकांवर कमी रेलतात आणि तेवढी पकड सुटते. मातीचं वजन मात्र पाण्यामुळे वाढलेलं असतं. म्हणून उताराच्या सुरक्षिततेचं गणित कोरड्या आणि चिंब भिजलेल्या, अशा दोन्ही स्थितींसाठी करावं लागतं. दोन्ही उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. या अहवालात एकच गणित आहे, कोरड्या स्थितीचं. त्यात भूजल पातळी 'नाही' असं गृहीत धरलं आहे आणि त्याला आधार उन्हाळ्यातल्या त्याच बोअरचा.

दुसरी हरकत 'मध्यम' उताराबद्दल. अहवालात संपूर्ण भूखंडाचा सरासरी उतार दिला आहे. सरासरीत काय दडतं ते पाहा. अर्ध्या जागेचा उतार ५ अंश आणि उरलेल्या अर्ध्या जागेचा ३० अंश धरला, तर सरासरी साडेसतरा अंश येते. पण साडेसतरा अंशांची जागा त्या भूखंडात कुठेच नसते. आमच्या टेकडीचं असंच आहे. माथा पसरट, खालची बाजू सौम्य आणि मधला पट्टा तीव्र उताराचा. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा अहवालातच आहे; मधल्या पट्ट्यात त्या रेषा इतक्या खेटून आल्या आहेत की छपाईत त्यांचा नुसता काळा पट्टा झाला आहे. सरासरीचा आकडा बघून समाधान मानण्याआधी कुणी ते पान उलटलं असतं, तरी शंका आली असती. उताराचे टप्पे पाडून रंगवलेला नकाशा ही काही अवघड मागणी नाही. संगणकावर ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तिसऱ्या हरकतीबद्दल मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण या बाजूनं कुणी विचार केलेलाच दिसत नाही. टेकडीवर घरं बांधणं म्हणजे टेकडीवर रोज पाणी चढवणं. आज ही टेकडी पावसाळ्यात भिजते आणि नंतर काही महिने वाळते. त्या वाळण्यात उताराला उसंत मिळते. वर हजार माणसं राहायला आली असं धरू. माणशी दिवसाला शंभर लिटर धरले, तरी रोज एक लाख लिटर पाणी पंपानं वर जाणार. ते नळांतून फिरणार, सांडपाणी होऊन प्रक्रिया केंद्रात जाणार आणि अहवालात लिहिल्याप्रमाणे 'बागेसाठी व हिरवळीसाठी' पुन्हा वापरलं जाणार. बाग कुठे? उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांवर. म्हणजे वर्षभर, भर उन्हाळ्यातसुद्धा, उतार ओलाच राहणार.

त्याच्या जोडीला पावसाचं पाणी मुरवण्यासाठी शोषखड्डे आहेत. पाणी जिरवणं चांगलं, ते सगळ्यांनाच आवडतं, आणि त्या प्रकरणाला आपल्या समितीनं शाबासकीही दिलेली इतिवृत्तात दिसते. पण हे खड्डे नकाशावर कुठे आहेत? संरक्षक भिंतींच्या मागे, उताराच्या कडेला. एका प्रकरणात भिंतीमागचं पाणी बाहेर काढण्यासाठी भिंतीला भोकं ठेवली आहेत आणि दुसऱ्या प्रकरणात त्याच भिंतीमागे खड्ड्यांतून पाणी सोडलं आहे. ही दोन प्रकरणं लिहिणाऱ्यांची एकमेकांशी गाठ पडली नसावी. सपाट जागी जो उपाय उत्तम, तोच उतारावर घातक ठरू शकतो.

शिवाय नळ गळतात. आयुष्यभर नळांचे नकाशे काढलेल्या बाईचं हे ऐका: न गळणारी वितरण व्यवस्था मी पाहिलेली नाही. सपाटीवर गळती म्हणजे वाया गेलेलं पाणी आणि खचलेला रस्ता. उतारावर तिचा अर्थ वेगळा होतो. ऑस्ट्रेलियात थ्रेडबो इथं ३० जुलै १९९७ च्या रात्री रस्त्याचा भराव खालच्या निवासी इमारतींवर सरकला आणि १८ माणसं गेली. चौकशीत जे मुख्य कारण निघालं, ते भरावातून जाणाऱ्या जलवाहिनीची गळती. आपल्या अहवालातही मुख्य जलवाहिनी भरावातूनच नेली आहे. गळती झाली तर ती कळणार कशी, यावर एक ओळसुद्धा नाही.

चौथी हरकत ओढ्याची. अहवाल पाण्याचा माग प्रकल्पाच्या फाटकापर्यंत काढतो आणि तिथं थांबतो. पाणी थांबत नाही. एका हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाच लाख लिटर पाणी होतं. गवताळ उतारावर, पाऊस सुरू होऊन जमीन पुरती भरली नसेल, तर त्यातलं बरंच मुरतं आणि उरलेलं रमतगमत खाली येतं. छप्पर, काँक्रीट आणि डांबर यांच्यावर पडलेल्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास लगेच वाहून जातं. एकूण पाणी वाढतं हे तर खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे ते एकदम येतं. आमच्या वस्तीतला ओढा रस्त्याखालच्या एका मोरीतून जातो. मोरीचं तोंड किती, तिच्यातून किती पाणी जाऊ शकतं, प्रकल्प झाल्यावर किती येणार, या तिन्हींपैकी एकही आकडा अहवालात नाही. बांधकामाच्या काळात तर माती उघडी पडलेली असणार. अमेरिकेत मेरीलँडमधल्या नद्यांच्या गाळावर एम. गॉर्डन वोल्मन यांनी १९६७ मध्ये जे मांडलं, ते या विषयात पाया मानलं जातं: जंगल किंवा शेती असताना नदीत येणारा गाळ बांधकामाच्या काळात अनेक पटींनी उसळतो. वर एक पावसाळा जरी उघडी माती राहिली, तरी तो मुरूम आमच्या मोरीत येऊन बसणार. 'योग्य ती खबरदारी घेण्यात येईल' एवढं या बाबतीत अहवालात आहे.

पाचव्या हरकतीनं मला खरोखर राग आला. अहवाल फक्त पहिल्या टप्प्याचा आहे. लोकसंख्या, सांडपाणी, वाहनं, कचरा, सगळे आकडे पहिल्या टप्प्याचे. दुसऱ्या टप्प्याबद्दल विचारलं, तेव्हा सुनावणीत 'अजून काही ठरलेलं नाही' असं उत्तर मिळालं. पण पाणीपुरवठ्याचा आराखडा पाहा. माथ्यावरची टाकी पहिल्या टप्प्याच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी आहे, मुख्य नळाचा व्यासही त्याच मापाचा आहे आणि नळाच्या टोकाला पुढच्या जोडणीसाठी झडप ठेवून ते बंद केलं आहे. ठरलेलं काही नसताना कुणी नळाच्या टोकाला झडप ठेवत नाही. पाइपवाल्यानं दोन्ही टप्पे गृहीत धरले आणि पर्यावरणवाल्यानं एकच. एकाच विकासकाच्या एकाच फायलीत हे दोन हिशेब आहेत. मूल्यांकन टाळण्यासाठी प्रकल्पाचे तुकडे पाडायची युक्ती जगभर जुनी आहे. तशी युक्ती इथं आहे, असा आरोप मी करत नाही. टाकी एवढी मोठी का, हे तुम्ही विचारायला हवं होतं, एवढंच म्हणते.

बाकीच्या हरकती थोडक्यात. टेकडीची नोंद 'पडीक' अशी आहे आणि जीवसृष्टीच्या प्रकरणात फक्त झाडं मोजली आहेत. गवताळ टेकडीची श्रीमंती झाडांत नसते. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांत आणि पहिल्या सरीनंतर वर येणाऱ्या कंदांत असते. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला त्यातलं काय दिसणार? वर जायला-यायला रस्ता एकच आहे. वणवा लागला किंवा तोच रस्ता खचला, तर माणसं खाली कशी आणायची याचा विचार नाही. आणि 'पर्याय' या प्रकरणात इमारतींची तोंडं पूर्वेला की दक्षिणेला, एवढाच पर्याय चर्चिला आहे. ते पान वाचून हसावं की रडावं कळेना.

आता तुमच्या दुसऱ्या कारणाकडे येते: 'दरड कोसळल्याची नोंद नाही'. नोंद कोण ठेवणार होतं? वर कुणी राहत नव्हतं. आणि ही टेकडी आजवर कुणी कापलीही नव्हती. न कापलेल्या उताराच्या इतिहासावरून कापलेल्या उताराचं भविष्य सांगता येत नाही. मलेशियात क्वालालंपूरजवळ हायलँड टॉवर्स नावाच्या तीन इमारती डोंगराच्या पायथ्याशी होत्या. मागचा उतार कापून, भिंती घालून पायऱ्या केलेल्या होत्या आणि उतारावरचा ओढा नळांत घालून वळवला होता. पुढे वरच्या अंगाची जमीन दुसऱ्या प्रकल्पासाठी मोकळी झाली, पाणी आणि गाळ वाढला आणि निचरा अपुरा पडला. ११ डिसेंबर १९९३ रोजी, काही दिवसांच्या पावसानंतर, भिंतींसकट उतार सरकला आणि एक इमारत आडवी झाली. ४८ माणसं गेली. रहिवासी वर्षानुवर्षं कोर्टात लढले. २००६ मध्ये तिथल्या सर्वात वरच्या न्यायालयानं स्थानिक पालिकेला जबाबदारीतून मोकळं केलं. परवानगी देणारे सुटू शकतात, हे मला माहीत आहे. म्हणून तर परवानगीच्या आधी बोलते आहे.

उलट उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हाँगकाँगमध्ये १८ जून १९७२ या एकाच दिवशी साउ माउ पिंग आणि पो शान रोड या दोन ठिकाणी दरडी कोसळून १३८ माणसं दगावली. पो शान रोडला एक बारा मजली इमारतच कोसळली. १९७६ मध्ये साउ माउ पिंगला पुन्हा भराव सरकला. त्यानंतर १९७७ मध्ये सरकारनं उतारांसाठी वेगळं भूतांत्रिक, म्हणजे माती-खडकांची मजबुती तपासणारं, कार्यालय काढलं. आज तिथं सुमारे ६० हजार मानवनिर्मित उतारांची एकेक करून नोंद आहे आणि प्रत्येक उताराची देखभाल कुणी करायची तेही ठरलेलं आहे. तिथंही उतारावर घरं आहेतच, आपल्याहून कितीतरी दाट. म्हणजे उतारावर बांधता येत नाही असं नाही. मोजून बांधावं लागतं आणि बांधल्यावर कायम लक्ष ठेवावं लागतं.

या कायमच्या लक्षाबद्दलही अहवाल गप्प आहे. भिंतींची भोकं बुजतात, चर गाळानं भरतात. विकासक सदनिका विकून निघून जाईल. वीस वर्षांनी ती भोकं साफ करायचा खर्च कुणाचा? वरच्या सोसायटीचा? त्यांना तर आपल्या इमारतीखाली असं काही आहे हेसुद्धा माहीत नसेल. उद्या तिथं घर घेणाऱ्यांच्या बाजूनंही हे पत्र आहे. पायथ्याच्या लोकांनी वरच्यांना विरोध केला, असं कुणी त्याला वळण देऊ नये.

आमच्या मागण्या अशा:

१. अहवाल 'पुरेसा' असल्याचा निर्णय मागे घ्यावा आणि खालच्या गोष्टी पूर्ण होईपर्यंत टेकडीवर खोदकामाला, सपाटीकरणाच्या नावाखालीसुद्धा, परवानगी देऊ नये.

२. उताराच्या मधल्या पट्ट्यात पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या बसवून निदान एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचे महिने नोंदी घ्याव्यात. उताराच्या स्थिरतेचं गणित चिंब भिजलेल्या स्थितीसाठी, आणि गळती गृहीत धरूनही, करावं. आकडे प्रसिद्ध करावेत.

३. मूल्यांकन सगळ्या टप्प्यांचं मिळून एकच व्हावं. दुसरा टप्पा नसेल, तर टाकी आणि नळ पहिल्या टप्प्याच्या मापाचे करून द्यावेत.

४. पाण्याचा हिशेब फाटकापाशी न थांबता मोरीच्या पलीकडे ओढा मोठ्या नाल्याला मिळतो तिथवर न्यावा. विहिरींवर होणारा परिणामही त्यातच यावा.

५. तीव्र उताराचा पट्टा मोकळा सोडून उरलेल्या जागेत किती घरं बसतात, हा पर्याय खरोखर आखून दाखवावा. बांधकाम न करण्याचा पर्यायही तपासावा. १९७० पासून अमेरिकेत पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा कायदा राबतो आहे आणि १९७८ च्या तिथल्या नियमांनी पर्यायांची तुलना हा मूल्यांकनाचा गाभा मानला होता.

६. अहवाल लिहिणारी सल्लागार संस्था विकासकानं नेमलेली आणि त्याच्याच पैशांवर चालणारी आहे. निदान भूतांत्रिक भागाची फेरतपासणी तरी समितीनं स्वतः निवडलेल्या तज्ज्ञाकडून व्हावी. पैसे विकासकानं समितीकडे भरावेत.

७. भिंती, चर आणि निचरा यांच्या पुढच्या देखभालीसाठी विकासकाकडून ठेव घ्यावी आणि जबाबदारी खरेदीखतात लिहावी.

८. हे सगळं झाल्यावर, पूर्ण अहवाल लोकांना कळेल अशा भाषेत देऊन, पुन्हा सुनावणी घ्यावी. पर्यावरणाच्या निर्णयांत लोकांना माहिती आणि सहभाग मिळावा यासाठी युरोपात झालेल्या १९९८ च्या आर्हस करारात लोकसहभागाबद्दल म्हटलं आहे की तो सगळे पर्याय खुले असतानाच झाला पाहिजे. आमची सुनावणी झाली तेव्हा इमारतींची नावंसुद्धा ठरलेली होती.

यानं प्रकल्पाला साधारण वर्षभराचा उशीर होईल. विकासकाला तो महाग पडेल, हे मान्य आहे. पण नळ्या येत्या पावसाळ्याआधी बसल्या, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उत्तर हातात असेल. तेव्हा हा उशीर किती असावा, हे बऱ्याच अंशी तुम्ही किती लवकर ठरवता यावर आहे.

पाणीपुरवठ्याच्या आराखड्याची प्रत सोबत जोडली आहे. माथ्यावरची टाकी आणि दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवलेली झडप मी त्यावर लाल पेन्सिलीनं दाखवली आहे. बाकी कशाचं नाही, तरी या एका झडपेचं लेखी उत्तर पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात यावं.

आपली,
टेकडीच्या पायथ्याची एक रहिवासी